बिंगोची जागा

रस्ता ओलांडताना सिग्नलची टिकटिक मध्येच बंद पडली आणि मी जिथे होते तिथेच थांबले. एका हातात चंदेरी बुटांची पिशवी, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं बेकन सँडविच, दोन्ही बाजूंना गाड्या, आणि मी शेफील्डच्या भर रस्त्यात ढिम्म उभी. घाबरले नव्हते. चालू असलेला आवाज एकदम थांबला की माझ्या डोक्यात दारं उघडायला लागतात, ही माझी जुनी खोड आहे. पहिलं दार आमचं, स्टॅनिफोर्थांचं. मग शेजारच्या हॅगबाईंचं. मग पोपट पाळणारे ड्रॉनफील्ड. मग ज्यांच्या पायरीवर कायम दुधाच्या बाटल्या पडलेल्या असायच्या ते. एका टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "ओ आजी, उभ्या उभ्या झोप लागली का? घरी जाऊन झोपा की!" मी म्हटलं, "थांब रे बाबा, दोनच दारं राहिलीत." त्याने कपाळाला हात लावला. शेवटचं दार आयव्हीचं. तिथवर पोचले तेव्हा कुठे माझं पाऊल उचललं. पलीकडच्या फुटपाथवर आल्यावर मात्र भीती वाटली आणि ती काही त्या गाड्यांमुळे नव्हे. दुपारी तीन वाजता सिटी हॉलमध्ये हीच शांतता मला भरल्या सभागृहापुढे वाजवायची होती. वाजवायची म्हणजे काय, काही न वाजवता धरून ठेवायची. उभ्या आयुष्यात ते एकदाही जमलं नव्हतं, आणि आजच्यानंतर पुन्हा जमवायची संधीही नव्हती, कारण आजचा कार्यक्रम शेवटचा होता.

आमच्या बँडचं नाव सॅटिन फाउंड्री. या गावात साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो लगेच 'सिल्व्हर शीला' या आमच्या गाण्याच्या तालावर पाय आपटायला लागेल आणि त्याची बायको त्याला गप्प करेल. पण सुरुवातीला आम्ही नुसतेच फाउंड्री होतो. डेरिक शॉ गायचा आणि गिटार वाजवायचा, नेव्हिल ड्रमवर, आणि ऑर्गनवर मी, मेथडिस्ट चर्चमध्ये रविवारी भजनं वाजवणारी, गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट घालणारी. बास गिटार वाजवणारे येत आणि जात. आमची गाणी इतकी लांब असायची की नेव्हिलची बायको ब्रेंडा म्हणायची, मी मधल्या वेळात घरी जाऊन बटाटे उकडून येते. आम्हाला त्या लांबीचा केवढा तोरा होता! मग लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस आला, त्याने आमचं सगळं अगदी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान आहे. आता तीन मिनिटांचं काहीतरी करा, आणि नावात काहीतरी चमकणारं घाला." अशी सॅटिन आमच्या नावात आली. पाठोपाठ बूट आले, गालावरची चमकी आली. पोरांच्या डोळ्यांना लावायला रंग हवा होता आणि बँडमध्ये बाई मी एकटी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कुठला रंग? मी आईच्या पर्समधली निळी डबी मागितली. आई म्हणाली, "दोघांना पुरवून लाव, आणि डबी परत आण." टीव्हीवर डेरिकच्या पापण्यांवर अख्ख्या इंग्लंडने जो निळा रंग पाहिला तो माझ्या आईचा, लग्नाकार्याला जपून ठेवलेला.

मी शीलाला नावं ठेवत नाही. ठेवणारे ठेवतात. लांब गाण्यांवर जीव टाकणारी मंडळी दाढी कुरवाळत मला विचारतात, "तुम्हाला त्या काळाची लाज वाटते का हो?" लाज कसली डोंबलाची? शीलाने मला जपान दाखवला, हॅम्बुर्ग दाखवलं, आणि हजारो पोरी एकाच वेळी जमिनीवर टाच आपटतात तेव्हा ऑर्गनचं लाकूड कसं थरथरतं तेही दाखवलं. तो थरथराट मला ओळखीचा होता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक कपाटातल्या कपबशा तशाच किणकिणायच्या. गल्लीच्या टोकाला पोलादाचा कारखाना, बाबांसकट गल्लीतले सगळे पुरुष तिथेच कामाला, आणि तिथले घण दिवसरात्र पडत असायचे. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेला आवाज, म्हणून तो आम्हाला ऐकूच येत नसे. ऐकू यायचं ते त्याचं थांबणं. सुट्टीच्या आठवड्यात थांबला तर मजा, समुद्रावर जायचं. पण भलत्या वेळी थांबला तर कुणीतरी यंत्रात सापडलं म्हणायचं. मी शाळकरी होते तेव्हा तो एकदा असा थांबला. आई चादरी धूत होती. ती हात तसेच ओले ठेवून दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. गल्लीत दारामागून दार उघडत गेलं आणि दारादारात एकेक बाई. कुणी कुणाला काही विचारेना. कारखान्याच्या बाजूने मुकादम येताना दिसला, टोपी हातात धरलेली. तो आमच्या दारावरून पुढे गेला. हॅगबाईंच्या दारावरून गेला. ड्रॉनफील्डांच्या दारावरून गेला. ज्या दारावरून तो पुढे जाई तिथली बाई आत जात नसे, तिथेच थांबून पुढच्या दाराकडे बघे. शेवटच्या दारात आयव्ही, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मुकादम तिच्यापुढे थांबला, आणि तो तिथे उभा असतानाच एकदम घण पुन्हा पडला. कामाला सुरुवात झाली होती. आईने मला पोटाशी धरलं आणि रडायला लागली. आपण सुटलो म्हणून ती रडतेय, हे मला त्या वयातही कळलं होतं. त्यावर आम्ही दोघी कधी एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं, मी काही पाहिलंच नाही असं आई धरून चाललीय, आणि मीही ते तसंच चालू दिलं.

ते सगळं मी 'दिवसपाळी'त घातलं. रेकॉर्डची एक अख्खी बाजू खाणारं आमचं सगळ्यात लांब गाणं. आधी घणांचा ठेका, त्यावर ऑर्गन, मग डेरिकचे शब्द, मग सगळं चढत चढत जातं आणि एकदम बंद. तिथून पुढची शांतता मी मात्रांनी मोजत नाही, दारांनी मोजते. आमच्या दारापासून आयव्हीच्या दारापर्यंत. तिथे नेव्हिलच्या मोठ्या ड्रमवर एकच घाव, आणि मग माझा शेवटचा सूर. पहिल्यांदा ते आम्ही आमच्याच भागातल्या कामगार क्लबात वाजवलं. बाबा तेव्हा गेलेले होते. आई तिचा चांगला कोट घालून आली होती, सोबत आयव्ही. क्लबाच्या कार्यक्रमांचा सेक्रेटरी पॅशली, स्वतःचा वेगळा माईक बाळगणारा, कोपऱ्यातल्या टेबलावर घंटी घेऊन बसलेला. शांतता सुरू झाली. मी दुसऱ्या दाराशी होते. आणि पॅशलीने घंटी वाजवली. "थँक यू, थँक यू, संपलं एकदाचं! चला मंडळी, पेन्सिली काढा, पहिला डाव! बिंगोला कान उघडे ठेवा, आत्तासारखे झाकून नाही!" अख्खा क्लब खदखदून हसला. कार्डांची सळसळ झाली. नंतर मी पॅशलीला दोष दिला नाही. क्लबात कुणी गप्प झालं की बिंगो, आपल्या हौजीसारखा आकड्यांचा खेळ, सुरू व्हायचा, हाच तिथला रिवाज होता. पण त्या हसण्याच्या मधोमध मला आई दिसली. ती उभी होती. पॅशली बोलायच्या आधीच ती उठली होती की बोलल्यानंतर, हे मला कधीच नक्की आठवलं नाही. मला वाटलं, लेकीची फजिती बघवेना म्हणून निघाली. घरी गेल्यावर तिने चहा टाकला, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझे केस बरे दिसत होते."

एवढंच. केस बरे दिसत होते. पुढे तिने शीला ऐकली, टीव्ही पाहिला, शेजारणींना माझे फोटो दाखवले, पण 'दिवसपाळी'चं नाव पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही, आणि मग ती गेली. मी मनाशी धरून चालले की तिला ते आवडलं नव्हतं. कधी कधी त्याहून वाईट वाटायचं, तिला त्यात काहीच ऐकू आलं नव्हतं. क्लबानंतरच्या कार्यक्रमात शांतता आली तशी नेव्हिलने ड्रमवर गडगडाट सुरू केला. मला वाचवायला. मायेनेच केलं त्याने, म्हणून मी बोलले नाही, आणि ती सवय पडली ती पडलीच. रेकॉर्डवरही गडगडाट, हॅम्बुर्गला गडगडाट. तालमीत डेरिक ओरडायचा, "बिंगोची जागा आली!" आणि सगळे हसायचे, मीही हसायचे. शीला गाजलेल्या गाण्यांच्या यादीतून खाली उतरली, सॅटिन जुनी झाली, आम्ही फुटलो, पुन्हा जमलो, पुन्हा फुटलो. डेरिकने दोन बायका केल्या आणि एक मेंढ्यांचा फार्म बुडवला. मी पोरांना पियानो शिकवला. माझ्या डोक्यात ती दारं मात्र वाट पाहत राहिली.

सिटी हॉलच्या मागच्या दाराने आत गेले तेव्हा डेरिक आरशापुढे टोप बसवत होता. दुपारचा प्रयोग आम्ही मुद्दाम घेतला होता. आमच्या श्रोत्यांना रात्रीच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात. मी पिशवीतले बूट काढून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "बिंगोची जागा आज रिकामी राहणार."

डेरिकने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "ऑड्री, हे आपण गेल्या आठवड्यात बोललो."

"तू बोललास. मी सँडविच खात होते."

"अगं, एवढा मोठा हॉल! लोकांना वाटेल म्हातारीला झटका आला. कुणीतरी डॉक्टर स्टेजवर चढेल!"

"चढू दे. देखणा असला तर राहू दे त्याला."

नेव्हिल कोपऱ्यात बसून हसला. डेरिकला मात्र हसू येईना. तो वळला, आणि त्या टोपाखालचा त्याचा चेहरा मला एकदम विशीतला दिसला, टीव्हीवर जायच्या आधी बाथरूममध्ये ओकणारा. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "कुणी हसलं तर? शेवटच्या दिवशी हसले तर तेच लक्षात राहील बघ. मला लोकांनी टाळ्या वाजवून घरी पाठवायला हवंय." मला त्याचा राग येईना. भीती मलाही तीच होती. पण मी बुटांकडे बोट दाखवलं. "हे बघ. माझे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी बदललेत. तरी हे बूट घालून मी तुझ्यासाठी शीला वाजवीन, टाच आपटून वाजवीन. बदल्यात मला आयव्हीच्या दारापर्यंत जाऊ दे."

"कुणाच्या दारापर्यंत?" डेरिकने विचारलं. इतक्या वर्षांत मी त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, उभ्याउभ्या, चार वाक्यांत. तो खाली बसला. नेव्हिलचं हसणं केव्हाच थांबलं होतं. "आणि मी त्यावर गडगडाट वाजवत होतो," तो म्हणाला. "एवढी वर्षं! ऑड्री, तू एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीस."

"आज गप्प बस, झालं."

"माझं डोकं गप्प बसेल. हात माझं ऐकत नाहीत, त्यांना सवय आहे." त्याने ड्रमच्या काठ्यांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मी काठ्यांवर बसतो. मोठ्या ड्रमवरचा घाव तर पेडलने, पायानेच घालायचाय."

एवढ्यात ब्रेंडा आयव्हीला घेऊन आली. वृद्धाश्रमातून तिला आणायचं ब्रेंडाने स्वतःच ठरवलं होतं. आयव्ही आता नव्वदीला टेकलेली, काठीवर रेललेली, पण जीभ शाबूत. "डेरिकच्या डोक्यावर ते मांजर कुणाचं?" तिने आल्या आल्या विचारलं. पण ही पहिल्या रांगेत बसणार आणि मी तिचाच तो दिवस तिच्यापुढे उघडणार! तिला आधी सांगायला नको? मी तिच्या जवळ गेले. "आयव्ही, दुसऱ्या भागात एक लांब गाणं आहे. त्यात मध्ये एक जागा..."

"बिंगोची," ती म्हणाली. "मी होते की तेव्हा क्लबात." आणि माझ्या गालावर थोपटून, काठी टेकत, ब्रेंडाबरोबर निघून गेली.

शीला आम्ही अशी वाजवली की काय सांगू! हॉल भरलेला, पांढरी डोकी, गालावर चमकी लावून आलेले आजोबा, नातवंडांच्या खांद्याचा आधार घेऊन टाच आपटणाऱ्या बाया. ऑर्गनचं लाकूड थरथरलं. माझे बदललेले गुडघेही थरथरले, मी त्यांना म्हटलं, थांबा जरा. डेरिकचा आवाज वरच्या सुरात फाटला तेव्हा लोकांनीच तो सूर उचलून धरला, आणि तो हात पसरून तसाच उभा राहिला, आनंदाने वेडा. मला वाटलं, इथेच संपवावं. यापेक्षा जास्त काय हवंय माणसाला? मग नेव्हिलने घणांचा ठेका धरला आणि 'दिवसपाळी' सुरू झाली. हॉल खाली बसला. बोटं आपली आपण चालत होती. सगळं चढत गेलं, डेरिकचा शेवटचा शब्द छताला लागला, आणि आम्ही थांबलो.

आमचं दार. आईचे ओले हात. नेव्हिल कमरेत वाकला आणि खरोखरच काठ्यांवर बसला. हॅगबाईंचं दार. बाल्कनीत कुणीतरी खोकलं. डावीकडे कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि दुसऱ्याच टाळीला ओशाळून थांबलं. माझी बोटं पट्ट्यांवर वळवळायला लागली. भर, भर काहीतरी, लोक हसतील, असं ती मला सांगत होती, आणि मी हात उचलून मांडीवर घेतले. ड्रॉनफील्डांचं दार. डेरिकची पाठ माझ्याकडे होती, त्याचे खांदे वर गेलेले, हसण्याची वाट बघणारे. कुणी हसलं नाही. आणि तेव्हा पहिल्या रांगेत आयव्ही उठली. काठी खुर्चीलाच टेकून ठेवून, दोन्ही हात मोकळे ठेवून ती उभी राहिली. माझ्याकडे बघत नव्हती. मान एका बाजूला वळवलेली, कारखान्याच्या बाजूला, मुकादम जिथून येतो तिकडे. तिच्यामागे चौथ्या-पाचव्या रांगेतली एक बाई उठली. मग उजवीकडे आणखी एक. बाल्कनीत दोघी. कुणी खूण केली नव्हती. त्या कुठल्या गल्ल्यांतल्या होत्या मला ठाऊक नाही. या गावात अशा गल्ल्या पुष्कळ होत्या. सगळ्यांच्या माना वळलेल्या, हात मोकळे. हे असं उभं राहणं मी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, एकदा आमच्या दारात आणि एकदा क्लबात. मला क्लबातली आई दिसली, चांगल्या कोटातली, मान एका बाजूला वळवलेली. ती निघाली नव्हती. निघणारा माणूस दरवाजाकडे बघतो.

मी दुधाच्या बाटल्यांच्या पायरीवरून पुढे गेले. सावकाश गेले, मला कसलीच घाई नव्हती. सगळा हॉल माझ्याबरोबर गल्लीतून चालत होता. आयव्हीचं दार आलं. मी नेव्हिलकडे पाहिलं आणि त्याचा पाय पडला. एकच घाव. मग मी सूर धरला, दोन्ही हातांनी, सगळी बोटं पसरून. तो सूर दुःखाचा नाही, कधीच नव्हता. जे दारात उभं राहूनही दुसऱ्या दिवशी उठून चादरी धुतात त्यांचा तो सूर, आणि तो मी त्या हॉलमध्ये घुमू दिला, हवा तेवढा. टाळ्या कधी सुरू झाल्या कळलं नाही. डेरिक टोप हातात घेऊन वाकला होता आणि हसत-रडत ओरडत होता, "संपलं! आता वाजवा!"

नंतर खोलीत आयव्हीला मी खुर्चीत बसवलं आणि तिच्यापुढे जमिनीवरच बसले, बूट अजून पायात. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने माझं नाक चिमटीत धरलं. "गप. तुझी आई अशीच उभी राहिली होती. माझा हात धरला तिने, म्हणाली, 'आयव्ही, घण थांबले.' मीही उठणारच होते, तेवढ्यात तो मेला पॅशली बोलला."

"मग घरी येऊन केसांचं का बोलली?"

"मग काय बोलणार, पोरी? तिला वाटत होतं तू त्या दिवशी काही पाहिलं नाहीस. त्या रात्री कळलं तिला. घरी जाताना वाटेत सारखी म्हणत होती, 'हिला सगळं माहीत होतं, हिने सगळं सांभाळून ठेवलं होतं.' छाती फुगवून चालत होती, बाई! मला पावलाला पाऊल जुळवता येईना." आयव्हीने माझ्या गालावरची चमकी बोटाने पुसली आणि ते बोट आपल्याच गालाला लावलं. "आणि निघताना पॅशलीच्या टेबलाशी जाऊन तिने त्याला एक शिवी घातली. भर क्लबात. तुझ्या आईने!"

माझ्या आईने जन्मात कधी 'मूर्ख' म्हटलं नव्हतं कुणाला. "कोणती शिवी?" मी विचारलं.

"चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीला सांगण्यासारखी नाही."

"आयव्ही!"

मग ती खाली वाकली आणि माझ्या कानात सांगितली. मी इतक्या जोरात हसले की डेरिक आणि नेव्हिल दारातून डोकावले, आणि मला हसू आवरेना, रडूही आवरेना. शेवटी डेरिकने हात धरून मला उभं केलं, कारण बाहेर लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि आम्हाला परत बोलावत होते.